पुण्याहून बंगळूरला बिऱ्हाड हलवताना स्वतःच्या गाडीनं जावं का, आणि वाटेत कुठे थांबावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मेच्या शेवटच्या आठवड्यात कोथरूडचं घर आवरून बंगळूरला व्हाइटफील्डमध्ये राहायला जायचं आहे. सामान ट्रकनं जाईल. तुम्ही दोघं, पाचवीत जाणारी मुलगी आणि सत्तरीच्या आई असे चौघं आहात. गाडी ट्रेलरवर पाठवून आपण विमानानं जावं, की गाडीनंच तीन-चार दिवसांत रमतगमत जावं? गाडीनं गेलो तर कास, गोकाक, बदामी, हंपी यांतलं काय जमेल? आई इतिहासाच्या शिक्षिका होत्या आणि त्यांना शहाजीराजांची समाधी बघायची आहे, हेही तुम्ही लिहिलं आहे.

घरसामान हलवण्याच्या धंद्यात माझी हयात गेली, आणि पुणे-बंगळूर ही त्यातली सर्वांत जास्त वेळा पायाखालून गेलेली वाट. माझं उत्तर असं की गाडीनंच जा. तीन दिवस आणि दोन रात्री ठेवा. फक्त ही सहल आहे असं समजून आखणी करू नका. बिऱ्हाड हलवतानाचा प्रवास आपल्या हौशीच्या वेळापत्रकावर चालत नाही, तो ट्रकच्या वेळापत्रकावर चालतो. आणि वाटेतली जागा निवडताना ती किती सुंदर आहे हा दुसरा प्रश्न असतो. सामानानं भरलेली आपली गाडी तिथे कुठे आणि कोणाच्या नजरेखाली उभी राहील, हा पहिला.

आधी ट्रकचं बोलू, कारण बाकी सगळं त्यावर बेतलेलं आहे. पुणे ते बंगळूर साधारण 840 किलोमीटर. फुल लोड, म्हणजे फक्त तुमचंच सामान असलेला ट्रक, हे अंतर दोन दिवसांत सहज कापतो. पार्ट लोडमध्ये तुमचं सामान इतर दोन-तीन घरांच्या सामानाबरोबर जातं, गोदामात उतरतं, पुन्हा चढतं. त्याला आठवडाही लागू शकतो, आणि प्रत्येक चढ-उतारात काहीतरी फुटतं. दोन बेडरूमचं भरलेलं घर असेल तर फुल लोडच घ्या. बोलणी करताना ‘डिलिव्हरी लवकरात लवकर’ असं म्हणू नका. ट्रक तुमच्या आधी पोहोचला तर ड्रायव्हर सोसायटीच्या गेटवरून फोन करत राहतो, हॉल्टिंगचे, म्हणजे ट्रक अडकवून ठेवल्याचे पैसे चढायला लागतात, आणि मग तुम्ही चित्रदुर्गच्या किल्ल्यात पाऊलही न ठेवता गाडी पळवता. सोमवारी सामान चढलं, मंगळवारी पहाटे तुम्ही निघालात, गुरुवारी संध्याकाळी पोहोचलात, तर सामान शुक्रवारी सकाळी उतरवायचं, असं कोटेशनवर लिहूनच घ्या. हे आधी ठरलं तर बहुतेक वाहतूकदार हॉल्टिंग लावत नाहीत, कारण त्यांनाही ट्रक कधी भरायचा हे ठरवता येतं.

बंगळूरच्या बाजूची चौकशी त्याच वेळी करा. तिथल्या बऱ्याच सोसायट्यांमध्ये सामान उतरवायचे तास ठरलेले असतात, रविवारी परवानगी नसते, लिफ्टसाठी अनामत घेतात. शहरातही मोठ्या ट्रकना गर्दीच्या वेळी मज्जाव असतो. सोसायटीच्या ऑफिसचं लेखी उत्तर हातात आल्याशिवाय पुण्याच्या घरातली एक खुर्चीही हलवू नका.

कागदपत्रांत तीन गोष्टी बघा. एक, बिल्टी, म्हणजे माल ताब्यात घेतल्याची वाहतूकदाराची पावती. तिच्यावर ट्रकचा नंबर, सामानाची यादी आणि तुम्ही जाहीर केलेली किंमत हवी. दोन, विमा. कोटेशनमध्ये ‘ट्रान्झिट इन्शुरन्स’ म्हणून टक्केवारी लावलेली असते, पण पुष्कळदा ती वाहतूकदाराच्याच खिशात जाते आणि त्यामागे विमा कंपनीची पॉलिसी नसते. विमा कंपनीच्या नावाचं प्रमाणपत्र मागा, त्यावर तुमचं नाव आणि ट्रकचा प्रवास असला पाहिजे. नुकसान झालंच, तर रस्तावाहतुकीच्या 2007 च्या कायद्याप्रमाणे बुकिंगच्या तारखेपासून 180 दिवसांत वाहतूकदाराला लेखी नोटीस द्यावी लागते. फोनवरच्या आश्वासनांत लोकांची ही मुदत निघून जाते. तीन, वापरलेल्या घरगुती सामानाला ई-वे बिल, म्हणजे मालवाहतुकीसाठी जीएसटीखाली काढायचा ऑनलाइन कागद, लागत नाही. तेव्हा ‘ई-वे बिलाचे पैसे’ असा आकडा कोटेशनमध्ये दिसला तर तो खोडायला सांगा.

पॅकिंगवर मी फार लिहीत नाही, माणसं ते काम जाणतात. पण फ्रंट लोड वॉशिंग मशीन असेल तर तिच्या मागच्या बाजूला बसवायचे ट्रान्झिट बोल्ट शोधून ठेवा. मशीन आलं त्या दिवशी काढून कुठल्यातरी ड्रॉवरमध्ये टाकलेले असतात. त्यांच्याशिवाय ड्रम 840 किलोमीटर आपटत जातो. फ्रिज आदल्या दिवशी बंद करून कोरडा करा, तो उभाच न्यायला सांगा, आणि उतरवल्यावर काही तास तसाच राहू द्या, मगच चालू करा. इन्व्हर्टरची बॅटरी आडवी ठेवू देऊ नका, ॲसिड सांडतं. गॅस सिलिंडर ट्रकमध्येही नाही आणि गाडीतही नाही: एजन्सीत सिलिंडर आणि रेग्युलेटर जमा करा, अनामत परत घ्या आणि टर्मिनेशन व्हाउचर सांभाळून ठेवा. ते दाखवून बंगळूरला नवं कनेक्शन मिळतं.

आता गाडी. ट्रकमध्ये न जाणाऱ्या गोष्टी गाडीत येतात आणि नेमक्या त्याच सर्वांत मोलाच्या असतात. दागिने, घराचे कागद, मुलीचा शाळा सोडल्याचा दाखला, आईंची औषधं आणि जुने रिपोर्ट, लॅपटॉप. यांची एकच बॅग करा, आणि ती गाडीची नव्हे, माणसाची बॅग समजा. जो माणूस उतरेल त्याच्याबरोबर ती उतरेल. दुसरी पिशवी पहिल्या रात्रीची: चादरी, टॉवेल, एक पातेलं, चहा-साखर, बल्ब, स्क्रू-ड्रायव्हर, मोबाइलचे चार्जर. ट्रकला एक दिवस उशीर झाला तरी या पिशवीवर रात्र निघते. बाकी डिकीत जड वस्तू खाली आणि मागच्या सीटला टेकवून ठेवा. मागच्या काचेतून रस्ता दिसला पाहिजे. दिसत नसेल तर सामान जास्त झालं आहे, ते ट्रकमध्ये द्या. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर भरलेल्या गाडीसाठी टायरमधल्या हवेचा वेगळा आकडा असतो. निघताना तोच ठेवा.

तुळशीचं तुम्ही विचारलं नाहीत, पण आई विचारतील. वाहतूकदार झाडं घेत नाहीत. कुंडी ट्रकमध्ये लपवून दिली तर ती अंधारात, उकाड्यात मरते. रोप मातीच्या गोळ्यासकट हलक्या प्लॅस्टिकच्या कुंडीत काढा, आदल्या दिवशी पाणी द्या, आणि आईंच्या पायापाशी ठेवा. शिवाय मंजिऱ्या सुकवून पुडीत बांधून घ्या, म्हणजे रोप दगावलं तरी बी तेच राहील.

रस्त्याचा हिशेब मेच्या शेवटच्या आठवड्याचा करायचा. या दिवसांत कासच्या पठारावर फुलं नसतात, ती ऑगस्टच्या शेवटापासून ऑक्टोबरपर्यंत. गोकाकचा धबधबा घटप्रभेला पावसाळ्याचं पाणी आल्यावर बघण्यासारखा. मेमध्ये दिसतो तो काळा कातळ. त्यासाठी महामार्ग सोडून आत जाण्यात अर्थ नाही. बदामी आणि हंपी दोन्ही अप्रतिम, पण मेमधल्या उन्हात, सत्तरीच्या बाईंना घेऊन, भरलेली गाडी पार्किंगमध्ये सोडून तिथे जाऊ नका. बंगळूरहून हंपीला रात्रीच्या रेल्वेनं जाता येतं, डिसेंबरमध्ये जा. तुम्ही आता त्याच राज्यात राहणार आहात, सगळं याच तीन दिवसांत उरकायची गरज नाही.

उन्हाबद्दल एक गोष्ट गंभीरपणे सांगतो. बंद गाडी उन्हात काही मिनिटांत भट्टीसारखी तापते. इन्सुलिन, पॉवर बँक, लॅपटॉप, तुळस आणि अर्थातच माणूस, यांतलं काहीही बंद गाडीत ठेवून जायचं नाही. म्हणून या प्रवासात बघायच्या जागा सकाळी दहाच्या आत आणि दुपारी चारच्या पुढे. मधल्या वेळात गाडी चालत राहील किंवा आपण सावलीत जेवत असू.

पहिला दिवस पुणे ते बेळगाव, 340 किलोमीटर. पुढे धारवाडपर्यंत रेटता येतं आणि बरेच जण रेटतात, पण आदल्या दिवशीच्या पॅकिंगचा शीण अंगात असतो. त्या रात्री झोपही नीट लागलेली नसते. रिकाम्या घरात फरशीवर झोपू नका, नातेवाइकांकडे जा. पहाटे साडेपाचला निघालात तर खंबाटकी घाट थंड वेळात चढून जाल. भरलेल्या गाडीला चढावर खालचा गिअर द्या, इंजिनाचं तापमान चढू लागलं तर एसी बंद करा, आणि डावीकडून रांगणाऱ्या ट्रकच्या मागे निवांत राहा. सुरूर फाट्यावरून वाई दहा-बारा किलोमीटर आत आहे, आणि पुढे मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा, कृष्णेचा घाट आणि वसईच्या मोहिमेतून आणलेली पोर्तुगीज घंटा आहे. जागा फार सुंदर. पण ती पुण्याहून एका दिवसात होणारी आहे आणि तुमची बघून झाली असणार. सरळ पुढे जा.

पहिला खरा थांबा कराड. साताऱ्यापासून कागलपर्यंत सहापदरी रस्त्याचं काम गेली काही वर्षं चालू आहे. जागोजागी वळणरस्ते आणि सेवारस्ते लागतात, तेव्हा नकाशावरच्या वेळेत पाऊण-एक तास जास्तीचा धरा. कराडला प्रीतिसंगमावर कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन मिळतात, हे असं दृश्य क्वचित बघायला मिळतं. शेजारी यशवंतराव चव्हाणांची समाधी आणि मोठी झाडं असलेली बाग आहे. आईंना सावलीत बसता येईल, मुलीला पळता येईल, आणि तुम्हाला घरून आणलेला डबा उघडता येईल. बागेत सगळ्यांनी एकदम लांब जायचं नाही. एक जण गाडी दिसेल असा बसेल, मग आळीपाळीनं. ही पाळी पुढे तीनही दिवस चालू ठेवा.

कोल्हापूरला अंबाबाईचं दर्शन घ्यायचं तुमच्या मनात असेल. गाभाऱ्याची रांग मेच्या सुट्टीत दोन-तीन तासांची होऊ शकते आणि देवळाच्या आसपास भरलेली गाडी लावायला जागा मिळणं कठीण. त्यापेक्षा महामार्गालगतच मिसळ किंवा लवकरचं जेवण घ्या आणि पुढे व्हा. शिरोलीला पंचगंगेचा पूल ओलांडताना मुलीला सांगा, की 2019 आणि 2021 च्या महापुरात इथेच पाणी चढून हा महामार्ग बंद पडला होता. तुमचं निघणं काही कारणानं जुलैवर गेलं तर हा मुद्दा ध्यानात ठेवा. पंचगंगा इशारा पातळी ओलांडत असेल तर ट्रक पुण्यातच थांबवा. रस्त्यात अडकलेल्या ट्रकवरची ताडपत्री कितीही चांगली असली तरी चार दिवसांच्या पावसाला ती पुरत नाही.

कोगनोळीला राज्य बदलतं. निपाणी, तवंदीचा घाट, संकेश्वर, आणि मग बेळगाव. पहिला मुक्काम इथे ठेवायला मी सगळ्यांनाच सांगतो, त्याचं कारण निसर्गाचं नाही. बेळगावात हॉटेलच्या माणसाशी, औषधाच्या दुकानात, वेळ पडली तर डॉक्टरांशी आईंना मराठीत बोलता येतं. म्हातारं माणूस घर सोडतं त्या पहिल्या रात्री हे फार मोलाचं असतं. दुपारी तीनपर्यंत पोहोचलात तर दोन तास झोपा. मेच्या शेवटी या भागात वळीव चार-पाचच्या सुमारास येतो, विजा आणि वाऱ्यासकट. तेव्हा गाडी रस्त्यावर नसलेलीच बरी. पाऊस थांबला की किल्ल्यातली कमल बस्ती बघून या. तेराव्या शतकाच्या सुरुवातीचं जैन मंदिर आहे, छतावरचं दगडी कमळ बघत आईंचा वेळ छान जाईल. आणि कुंदा, ही इथली मिठाई, घ्या. हॉटेल निवडताना एकच अट ठेवा: आवारात रखवालदार असलेलं पार्किंग. महागड्या खोलीपेक्षा ते जास्त महत्त्वाचं. रात्री डिकीत काही राहिलंच तर ते बाहेरून दिसणार नाही असं गडद चादरीनं झाका.

दुसरा दिवस या वाटेचा सर्वांत श्रीमंत दिवस आहे, आणि इथेच निवड करावी लागेल. बेळगावहून सहा-साडेसहाला निघा. पन्नासेक किलोमीटरवर कित्तूर, महामार्गाच्या अगदी कडेला. राणी चन्नम्मानं 1824 मध्ये कंपनी सरकारशी लढाई केली, धारवाडचा कलेक्टर थॅकरे त्या लढाईत मारला गेला. म्हणजे झाशीच्या आधी तेहतीस वर्षं. किल्ल्यात आज पडक्या भिंती आणि वाड्याचे अवशेष आहेत, चढ जवळजवळ नाही, आईंना फिरता येईल. नव्या शाळेत मुलीला चन्नम्मा भेटणारच आहे. वर्गात नाव ऐकण्याआधी तिनं ती जागा पाहिलेली असेल.

तिथून तीसेक किलोमीटरवर धारवाड. गावात शिरा, बायपासनं निघून जाऊ नका. मुळात या गावात मराठी माणसाला परकं वाटत नाही. गायक मल्लिकार्जुन मन्सूर इथे राहिले, त्यांचं घर स्मारक म्हणून जपलेलं आहे. शेजारच्या हुबळीत गायिका गंगूबाई हनगल. पलीकडच्या गदगेत जन्मलेले भीमसेन जोशी पुढे पुण्याचेच झाले. आणि द. रा. बेंद्रे: कन्नडचे थोर कवी, 1973 चे ज्ञानपीठ विजेते, घरची भाषा मराठी, काही वर्षं सोलापुरात प्राध्यापक. त्यांच्या घराजवळचं साधनकेरी तळं तुम्हाला अर्ध्या तासात बघून होईल. तळ्याकाठी गाडी नजरेसमोर उभी राहते आणि सकाळी तिथे गारवा असतो. भाषा बदलते म्हणून घाबरलेल्या मुलीला सांगायला यापेक्षा चांगली गोष्ट माझ्याजवळ नाही, की हा माणूस घरात मराठी बोलायचा आणि कन्नडमध्ये असं लिहायचा की सगळा कर्नाटक त्याच्या ओळी म्हणतो. मी ज्या घरांचं सामान हलवलं, त्यांत मुलं नव्या गावात पक्की रुजलेली मी तिथेच पाहिली जिथे ती रस्त्यानं आली होती. विमानानं आलेल्या मुलाला पुणं संपतं आणि बंगळूर सुरू होतं, एवढंच कळतं. रस्त्यानं आलेल्या मुलाच्या डोक्यात मधली गावं राहतात, पाट्यांवरची लिपी हळूहळू बदलत गेलेली राहते. पेढा घ्यालच, मेमध्ये धारवाडचा हापूसही रस्त्याकडेला असतो, पण तो गाडीत पेटीभर भरू नका, दुसऱ्या दिवशी उन्हात सगळा पिकून गळतो.

धारवाड ते हुबळी बायपास बरीच वर्षं दोनच पदरी होता आणि त्यावर फार जीव गेले. रुंदीकरणाचं काम तिथे हाती घेतलेलं आहे. काम चालू दिसेल तिथे ओव्हरटेक करू नका, ट्रकच्या मागे राहा.

हुबळीनंतर दोन वाटा आहेत. पहिली, महामार्ग धरून राहायचं. शिग्गावजवळ बंकापूरच्या जुन्या किल्ल्यात मोरांचं अभयारण्य आहे, आणि आत चालुक्य काळातलं नगरेश्वराचं खांबांनी भरलेलं मंदिर. महामार्गापासून जवळ आहे आणि गर्दी नसते. दुपारी चारच्या सुमारास तुंगभद्रेकाठी हरिहरला हरिहरेश्वराचं मंदिर, तेराव्या शतकातलं, होयसळांच्या काळचं. मूर्ती अर्धी शिवाची, अर्धी विष्णूची. पंढरपूरच्या वाटेवर वाढलेल्या आपल्या माणसांना ती फार जवळची वाटते.

दुसरी वाट होदिगेरेची, आणि तुमच्या घरासाठी मी हीच सुचवीन. या वाटेत बंकापूर आणि हरिहर सोडून द्यायचे. शहाजीराजे जानेवारी 1664 मध्ये शिकारीच्या वेळी घोड्यावरून पडून वारले, ते चन्नगिरी तालुक्यातल्या होदिगेरेजवळ. त्यांची समाधी तिथे आहे. दावणगिरीला एक वाजेपर्यंत पोहोचून लोणी डोसा खा, उन्हाचे दोन तास तिथेच काढा, आणि मग साठेक किलोमीटर आत जा. रस्ता सुपारीच्या बागांमधून जातो, मेमध्येही डोळ्यांना गारवा वाटतो. समाधी साधी आहे. भव्य काही असेल अशी अपेक्षा ठेवून जाऊ नका. आईंना मात्र तिथे निवांत बसू द्या, त्यासाठीच हा वळसा आहे. ज्या बंगळूरला तुम्ही राहायला निघालात, ते 1638 च्या स्वारीनंतर शहाजीराजांच्या जहागिरीत आलं आणि पुढे काही काळ बाल शिवाजीही तिथे होते. हा सगळा इतिहास आई त्यांच्या नातीला माझ्यापेक्षा चांगला सांगतील. परत दावणगिरीला यायचं नाही; होळल्केरेवरून थेट चित्रदुर्ग गाठता येतं. आतल्या रस्त्यावर पंपाचा भरवसा धरू नका, दावणगिरीलाच टाकी भरा, आणि अंधार पडायच्या आत चित्रदुर्गला पोहोचा. दावणगिरी सोडायला साडेतीन वाजून गेले असतील तर होदिगेरेचा बेत तिथेच सोडून द्या आणि सरळ महामार्गानं पुढे चला. आई नाराज होतील, पण अनोळखी आतल्या रस्त्यावर, रात्री, भरलेल्या गाडीत हे वय घेऊन जायचं नसतं. दिवाळीनंतर बंगळूरहून रिकाम्या गाडीनं परत या.

दुसरा मुक्काम चित्रदुर्ग. तिसऱ्या दिवशी पहाटे उठा, कारण हा किल्ला तुमच्या सगळ्या प्रवासातली सर्वांत देखणी जागा आहे आणि तो फक्त सकाळीच बघायचा. ग्रॅनाइटच्या प्रचंड गोट्यांमधून एकामागे एक सात तटबंद्या फिरवलेल्या आहेत. दगड कुठे संपतो आणि भिंत कुठे सुरू होते ते जवळ जाईपर्यंत कळत नाही. हैदर अलीनं तो 1779 मध्ये इथला राजा मदकरी नायक याच्याकडून घेतला. त्याआधीच्या एका वेढ्यात शत्रूचे शिपाई एका फटीतून एकेक करून आत शिरत होते आणि पहारेकऱ्याची बायको ओबव्वा हिनं मुसळानं त्यांना एकेक करून लोळवलं, अशी कथा आहे. ती फट अजून दाखवतात आणि मुलं तिच्यातून वाकून ये-जा करतात. आईंनी पहिल्या दोन-तीन दरवाजांपर्यंत यावं आणि सावलीला बसावं, वरच्या देवळांपर्यंतचा चढ त्यांच्यासाठी नाही. तुम्ही दोघं पाळी लावा: एक मुलीबरोबर वर, एक आईंबरोबर खाली. सामान हॉटेलच्या खोलीतच राहू द्या आणि खोली नाश्त्यानंतर सोडा. गडावर जाताना गाडी रिकामी न्यायची, ही या सकाळची खरी सोय.

हिरियूरजवळ वाणीविलास सागर धरण आहे, वेदावती नदीवरचं, म्हैसूर संस्थानानं 1907 मध्ये पुरं केलेलं. दोन डोंगरांच्या खिंडीत बांधलेला जुना दगडी बांध, खाली झाडी. हे धरण 1933 नंतर थेट 2022 मध्ये भरून वाहिलं. महामार्गापासून वीसेक किलोमीटर आत आहे. किल्ला बघून सगळे ताजे असाल तर जा, नाहीतर सोडा. तुमकूरजवळ क्यातसंद्राला थट्टे इडली खा, ताटलीएवढी मऊ इडली आईंच्या दातांना सोयीची. दुपारचं जेवण तेवढंच पुरे.

इथून पुढे बंगळूरच्या रहदारीत न शिरण्याचा मार्ग आहे आणि व्हाइटफील्डला जाणाऱ्यांनी तोच घ्यावा. तुमकूर रस्त्यानं सरळ गेलात तर नेलमंगलापासून गर्दी लागते आणि मग सगळं शहर आडवं कापावं लागतं. त्याऐवजी डाबसपेटला डावीकडे वळून डोड्डबळ्ळापूर, देवनहळ्ळीवरून होस्कोटेला उतरणारा नवा बाहेरचा वर्तुळाकार रस्ता घ्या. अंतर थोडं वाढतं, पण होस्कोटेहून व्हाइटफील्ड जवळ आहे आणि शहर टळतं. ट्रकच्या ड्रायव्हरलाही हाच रस्ता सांगून ठेवा.

संध्याकाळी पोहोचलात की त्याच दिवशी घर लावायला घेऊ नका. पाणी, गॅस, दिवे बघा, पंखे फिरवून बघा, भिंतींवर आधीच्या भाडेकरूचे डाग असतील तर फोटो काढा, पहिल्या रात्रीची पिशवी उघडा. शुक्रवारी ट्रक येईल तेव्हा हमालांना कुठली पेटी कुठल्या खोलीत हे दारावर चिठ्ठ्या लावून सांगा. ते बहुधा हिंदी बोलतील, पण चिठ्ठीवर आकडा असला की भाषेची अडचण राहत नाही. यादीवर प्रत्येक नगापुढे खूण झाल्याशिवाय आणि काच, टीव्ही, वॉशिंग मशीन उघडून बघितल्याशिवाय ‘सामान सुस्थितीत मिळालं’ या ओळीखाली सही करू नका. ड्रायव्हरला घाई असेल, तरी नाही. काही फुटलेलं असेल तर तेच बिल्टीच्या प्रतीवर लिहा आणि मग सही करा.

गाडीच्या नंबरचं काम मात्र पुण्यातच सुरू करून निघा. दुसऱ्या राज्यात गाडी 12 महिन्यांपेक्षा जास्त राहणार असेल तर तिची तिथे नव्यानं नोंदणी करावी लागते. त्यासाठी पुण्याच्या आरटीओचं ना हरकत प्रमाणपत्र लागतं, आणि गाडीवर कर्ज असेल तर त्याआधी बँकेचं संमतिपत्र. बँकेचा कागद यायलाच सर्वांत जास्त वेळ लागतो, म्हणून त्याचा अर्ज आजच करा. कर्नाटकातला आजीव कर गाडीच्या किमतीवर आणि वयावर ठरतो, तो भरपूर असतो. तो भरल्यावर महाराष्ट्रात भरलेल्या करातला उरलेल्या काळाचा हिस्सा परत मागता येतो, पण मागणाऱ्यालाच मिळतो. तोवर वाटेत कोणी विचारलं तर गाडी कर्नाटकात कधी आली हे दाखवायला कोगनोळी टोलनाक्यावरची फास्टॅगची नोंद उपयोगी पडते. त्या महिन्याचं स्टेटमेंट उतरवून गाडीच्या कागदांबरोबर ठेवा.